सीईएचा आकडा: आधार की डोक्याला ताप?

गवतीचहा: बाबांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. स्टेज २. दर तीन महिन्यांनी रक्तातलं सीईए हे प्रोटीन तपासतो, आजार परतला तर ते वाढू शकतं म्हणून. मागे ५.८ आलं, ५ च्या आत हवं. लगेच स्कॅन. काही निघालं नाही, पण तोवर बाबांचं जेवण तुटलं होतं. पुढच्या खेपेला ३.९! १९६५ साली माँट्रियलमध्ये गोल्ड आणि फ्रीडमन यांनी शोधलेल्या या प्रोटीनची टेस्ट अजून का ओढतोय आपण? २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये १२०२ पेशंटांवरची चाचणी आली, तीत सीईए किंवा सीटी स्कॅनने कडक पाळत ठेवूनही माणसं जास्त जगली असं दिसलं नाही. माझ्या मते बंद करावी.

कढीलिंब: अजिबात पटलं नाही. त्याच चाचणीत पाळतीमुळे ऑपरेशन करता येण्याजोगे पेशंट जास्त सापडले, ते सोयीस्करपणे गाळलंत. माझी आई ठणठणीत होती, आकडा मात्र ३, ७, ११ असा चढत गेला. आतड्यातलं रक्त आधी लिव्हरकडे जातं, तिथेच एक गाठ निघाली. काढली. चार वर्षं झाली, आजही भाजी स्वतः निवडून आणते.

गवतीचहा: आईंचं ऐकून बरं वाटलं. पण एका घरावरून सगळ्यांना तीन-तीन महिने टांगून ठेवायचं?

काचपट्टी: पॅथॉलॉजीत आहे म्हणून बोलते. 'परत आलाय का' आणि 'पसरेल का' हे दोन प्रश्न तुम्ही एकात कालवताय. सीईएचा मुख्य उपयोग पहिल्यासाठी, तोही अर्धवट, कारण काही गाठी हे प्रोटीन सोडतच नाहीत. दुसऱ्याचं उत्तर बरंचसं काढलेल्या तुकड्यात असतं: आजार पसरलाय का हे बघायला कमीत कमी १२ लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) तपासले का, डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ ही चार प्रोटीनं शाबूत आहेत का. स्टेज २ मध्ये यातलं एखादं गायब असेल तर उलट धोका कमी, आणि नुसत्या ५-एफयू या औषधाच्या केमोचा फायदाही नाही. बर्लिनमधून २००९ मध्ये एमएसीसी१ हे जीन पुढे आलं, पसरण्याशी त्याचा संबंध दिसला. रोजच्या रिपोर्टात मात्र अजून नाही. आणि ५.८ आल्यावर आधी त्याच लॅबमध्ये टेस्ट परत करायची असते. लॅब बदलली की आकडाही बदलतो.

गवतीचहा: लॅब बदलली होती खरी. चारही प्रोटीनं शाबूत लिहिलीत. म्हणजे पुन्हा अंधारच ना? ऑस्ट्रेलियातली स्टेज २ च्या ४५५ जणांवरची चाचणी २०२२ मध्ये आली, तीत एका गटाचा केमो रक्तातला ट्यूमरचा डीएनए बघून ठरवला, दुसऱ्याचा नेहमीसारखा. नेहमीच्या गटात केमो घेणारे २८ टक्के, डीएनएवाल्यांत १५, तरी आजार परतण्याचं प्रमाण वाढलं नाही. प्रोटीनचा जमाना संपला म्हणा की.

कढीलिंब: तो डीएनए आमच्या तालुक्याला कोण तपासून देणार? सीईए काही शे रुपयांत होतं.

काचपट्टी: एक राहिलं. बाबा सिगारेट ओढतात का? त्यानेही सीईए थोडं वर जातं.

गवतीचहा: ऑपरेशननंतर सोडली म्हणाले होते. आत्ता विचारलं, तर "कधीतरी एखादी". आईने ऐकलंय. आता घरात वेगळा धागा सुरू झालाय, तिकडे जातो.