फिलुमेनाचं खोटं आजारपण
'मॅरेज इटालियन स्टाइल' (१९६४) या इटालियन चित्रपटामध्ये फिलुमेना मरणाच्या दारात असल्याचं सोंग करून तिच्या जुन्या प्रियकराशी, दोमेनिकोशी, लग्न लावून घेते, ही फसवणूक खटकली असं तुम्ही लिहिलंत. मला मात्र तिची बाजू पटते. वीसेक वर्षं त्याचं घर आणि दुकान सांभाळूनही तो लग्न दुसऱ्याच तरुण मुलीशी करायला निघालाय! आणि फिलुमेनाला स्वतःसाठी काही नकोच आहे, तिच्या तिन्ही मुलांना बापाचं नाव हवंय. त्या काळच्या इटलीत अनौरस मुलांना औरसांइतके हक्क नव्हते. घटस्फोटाचा कायदासुद्धा थेट १९७०चा.

फसवणुकीमुळे लग्न रद्द झाल्यावर ती दोमेनिकोला सांगते की तिघांपैकी एक तुझा, पण कोणता ते सांगणार नाही. सांगितलं तर तो एकालाच जवळ करील. मग मुलांच्या वागण्याबोलण्यात दोमेनिको स्वतःची खूण शोधत फिरतो. दोमेनिको झालेल्या मास्त्रोयान्नीने ती घालमेल फार सुंदर दाखवलीय. फिलुमेना झालेली सोफिया लॉरेन नेपल्सजवळच्या पोत्सुओलीत वाढली, त्यामुळे तिचा ठसका उसना वाटत नाही. या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

हा चित्रपट ज्यावर बेतलाय ते एदुआर्दो दे फिलिप्पोचं मूळ नाटक १९४६चं. मिळालं तर तेही जरूर वाचा.