'जॉनी, आय हार्डली न्यू या' : आधी कोणतं गाणं?

नेहमी म्हटलं जातं की 'जॉनी, आय हार्डली न्यू या' हे युद्धविरोधी आयरिश गाणं १८००च्या आसपासचं आणि अमेरिकन यादवी युद्धातलं 'व्हेन जॉनी कम्स मार्चिंग होम' ही त्याची नक्कल. तारखा उलट सांगतात. बँडमास्टर पॅट्रिक गिलमोरने ते अमेरिकन गाणं लुई लँबर्ट या टोपणनावाने १८६३ मध्ये छापलं. 'जॉनी, आय हार्डली न्यू या' छापून आलं १८६७ मध्ये, लंडनला. लेखक जोसेफ गेगन, इंग्लंडच्या म्युझिक हॉलमधला, म्हणजे गाणी-विनोदाच्या लोकप्रिय रंगमंचावरचा माणूस. त्या छापील प्रतीतली चालही वेगळी होती. गिलमोरच्या गाण्याची चाल त्याला नंतर चिकटली. गाण्यातल्या सिलोनच्या (श्रीलंकेच्या) उल्लेखामुळे लोक ते तिथल्या जुन्या लढायांच्या काळाचं मानतात, पण गाण्यातला प्रसंग जुना म्हणून गाणंही तितकंच जुनं असं होत नाही.

गाण्याला युद्धविरोधी अर्थ आहे, हे मात्र मला मान्य आहे, एक भर घालून. मुळात हे रंगमंचावरचं विनोदी गाणं. आयर्लंडमधल्या अथाय गावाच्या रस्त्यावर बायकोला नवरा भेटतो तो हात, पाय, डोळे गमावलेला, आणि ती त्याला फैलावर घेते, कारण तो तिला आणि पोराला टाकून पळालेला असतो. 'पुन्हा तोफा बाहेर काढताहेत, पण आमची मुलं आता देणार नाही' हे कडवं १८६७च्या संहितेत नाहीच, ते विसाव्या शतकातलं. १९६१ मध्ये आयरिश लोकगीतं गाणारे क्लॅन्सी ब्रदर्स आणि टॉमी मेकेम यांच्या ध्वनिमुद्रणानंतर गाणं पुन्हा गाजलं. ते कडवं वगळून ऐका. त्या बाईचा संताप तरीही अंगावर येतो, आणि मला तोच जास्त खरा वाटतो.