अलोहा एअरलाइन्स स्वस्त तिकिटांमुळे बुडाली का?

धागालेखक: अमेरिकेतल्या हवाई राज्याच्या बेटांना जोडणाऱ्या अलोहा एअरलाइन्सची प्रवासी सेवा ३१ मार्च २००८ रोजी कायमची बंद पडली आणि सुमारे १,९०० जणांची नोकरी गेली. जून २००६ मध्ये मुख्य भूमीवरच्या मेसा कंपनीने ‘गो!’ या नावाने तेथे विमाने आणून ३९ डॉलरचे तिकीट काढले, पुढे ते १९ डॉलरपर्यंत उतरवले. जेथे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला विमानाशिवाय फारशी सोय नाही, तेथे खर्चाहून कमी भाडे लावायला सरकारने मनाई करायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १: असहमत. अलोहाने डिसेंबर २००४ मध्येच दिवाळखोरीचा अर्ज केला होता आणि तेव्हा ‘गो!’ अस्तित्वातही नव्हती. शिवाय अलोहाचा जन्मच स्पर्धेतून झाला. तेव्हाच्या एकमेव विमान कंपनीत आशियाई वंशाच्या लोकांना दुजाभाव सोसावा लागे, म्हणून १९४६ मध्ये रडी टाँग यांनी डीसी-३ विमाने घेऊन नवी कंपनी काढली. नियमित सेवेच्या परवान्यासाठी तिला १९४९ पर्यंत थांबावे लागले. जुन्यांना सांभाळणारे नियम नव्यांची वाट कशी अडवतात, हे आणखी कसे सांगावे?

धागालेखक: दिवाळखोरीचा मुद्दा मान्य, पण २००६ मध्ये अलोहा त्यातून बाहेर आली होती. तिच्या खर्चाचे स्वरूपही पाहा. १९८८ मध्ये अलोहाच्या ज्या बोइंगचे छप्पर हवेत उडाले आणि एका हवाई सेविकेचा जीव गेला, त्या विमानाची ३५,४९६ तासांत ८९,६८० उड्डाणे झाली होती. म्हणजे एक उड्डाण सरासरी चोवीस मिनिटांचे. दर उड्डाणाला केबिनमधला हवेचा दाब चढतो-उतरतो आणि पत्रा थकतो, त्यामुळे जवळच्या फेऱ्यांना देखभाल जास्त लागते. तो खर्च १९ डॉलरमध्ये कसा निघणार? टाँग बेटांवरचेच होते; बाहेरच्या मेसाने मात्र २०१४ मध्ये गाशा गुंडाळला.

प्रतिसाद २: देखभालीचे आपले म्हणणे पटते, उपाय पटत नाही. १९ डॉलरमुळे एखाद्या कुटुंबाला दुसऱ्या बेटावरच्या हिलोहून राजधानी होनोलुलूच्या रुग्णालयात जाणे परवडले असेल, तर तो दर गुन्हा कसा? २००८ मध्ये कच्चे तेल शंभर डॉलरच्या वर गेले होते, त्याचा भार किमान भाड्याने पेलला नसता. मोलोकाई बेटावरच्या कालौपापा वस्तीची विमानसेवा केंद्राच्या अनुदानावर चालते. तसे अनुदान गरजेच्या मार्गांना द्यावे, भाडे प्रवाशाला परवडेल असेच राहू द्यावे.