रेंडरिंग आणि एडिटिंगसाठी हाय-एंड पीसी : यादी ठरवली आहे, ऑर्डर करण्याआधी नजर टाकाल का?

चौकट_२४

नमस्कार मंडळी,

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्स इंजिनने रेंडर, दाविंची रिझॉल्व्हमध्ये १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती साठवणाऱ्या) फुटेजचं एडिटिंग आणि मधूनमधून ४के गेम, या तिन्हीसाठी एकच मशीन जोडायचं आहे. यादी अशी:

प्रोसेसर रायझन ९ ९९५०एक्स, एक्स८७०ई चिपसेटचा एटीएक्स मदरबोर्ड, रॅम डीडीआर५-६००० च्या ३२ जीबीच्या चार स्टिक (एकूण १२८ जीबी), ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०९०, पीसीआयई जेन-५ च्या २ टीबीच्या दोन एनव्हीएमई एसएसडी, २४० मिमी लिक्विड कूलर, ८५० वॅटचा ८० प्लस गोल्ड एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग). शिवाय एक १० गिगाबिट नेटवर्क कार्ड लावायचं आहे. कॅबिनेट अजून ठरवलेलं नाही.

यात कुठे चुकतंय का? जिथे कमी घेऊन चालेल तेही सांगा.

लेन_मोजणारा

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तुमच्या कामाला योग्य आहेत. अडचण आहे ती रॅम, स्टोरेज आणि एसएमपीएस यांत. एसएमपीएसचं इतर कुणी लिहील, मी पहिल्या दोन गोष्टी घेतो.

रॅमच्या चार स्टिक घेऊ नका. एएम५ वर, म्हणजे या प्रोसेसरच्या सॉकेटवर, मेमरीचे चॅनल दोनच आहेत. चार स्टिक लावल्या की प्रत्येक चॅनलवर दोन स्टिकचा विद्युत भार येतो आणि सिग्नल बिघडतो. ९९५०एक्ससाठी एएमडीने दिलेली अधिकृत मर्यादा दोन स्टिकला डीडीआर५-५६०० आहे, चार स्टिकला थेट ३६००. दोन स्टिकवर एक्स्पो या रॅमच्या तयार वेगवान प्रोफाइलने ६००० सहसा सहज मिळतं, कारण त्या वेगाला मेमरी कंट्रोलर आणि रॅम १:१ चालतात. चार स्टिकवर तेच ६००० मिळवायला व्होल्टेज आणि टायमिंगशी झगडावं लागतं, आणि मिळालं तरी आठ तासांच्या रेंडरमध्ये ते टिकेलच याची खात्री नाही. ४८ जीबीच्या दोन, म्हणजे ९६ जीबी घ्या. १२८ हवेच असतील तर ६४ जीबीच्या दोन स्टिकचा किट मिळतो. मात्र मदरबोर्डच्या क्यूव्हीएल यादीत (कंपनीने तपासलेल्या रॅमच्या) तो आहे का आणि त्यासाठी बायोसची (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरची) कोणती आवृत्ती लागते, ते पाहूनच. ३२ च्या दोन आत्ता घेऊन पुढे आणखी दोन लावू, हा विचारही नको. तसाच दिसणारा दुसरा किट घेतला तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात.

आता लेन, म्हणजे प्रोसेसरपासून कार्ड आणि एसएसडीकडे जाणाऱ्या डेटाच्या वाटा. प्रोसेसरच्या २८ पीसीआयई ५.० लेनपैकी ४ चिपसेटकडे जातात, उरतात २४. त्यांतल्या १६ ग्राफिक्स कार्डाला, ४ पहिल्या एम.२ स्लॉटला. शेवटच्या ४ या पिढीच्या बोर्डांवर बहुधा यूएसबी४ च्या कंट्रोलरकडे वळवलेल्या असतात. म्हणून अनेक बोर्डांवर दुसऱ्या जेन-५ स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की ग्राफिक्स कार्डाच्या १६ लेनच्या ८ होतात, नाहीतर यूएसबी४ चा वेग निम्मा होतो. कोणत्या बोर्डावर काय होतं हे जाहिरातीच्या पानावर नव्हे, मॅन्युअलमधल्या स्लॉटच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. मॅन्युअल खरेदीआधी उतरवून घ्या. जेन-५ च्या ८ लेन म्हणजे जेन-४ च्या १६ इतकीच क्षमता, त्यामुळे फार बिघडत नाही, पण विनाकारण का सोडायच्या?

तसंही दोन्ही एसएसडी जेन-५ असायची गरज नाही. जेन-५ सलग वाचनाला १४,००० एमबी/सेकंदच्या आसपास जाते, चांगली जेन-४ सुमारे ७,०००. एडिटिंगच्या टाइमलाइनला यातला फरक क्वचितच जाणवतो. ओएस आणि सॉफ्टवेअरला एक २ टीबी, फुटेज आणि कॅशेसाठी एक ४ टीबी जेन-४ टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट), डीरॅम कॅशेसह. क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट) टाळा. तिची एसएलसी कॅशे (आधी लिहायची वेगवान जागा) भरली की मोठी फाइल लिहिताना वेग हार्ड डिस्कच्या आसपास उतरू शकतो, आणि रिझॉल्व्हची रेंडर कॅशे नेमकं तेच काम करते.

नेटवर्क कार्डाचं आधी कागदावर जुळवा. ५०९० ची बरीच मॉडेल साडेतीन ते चार स्लॉट जाडीची आहेत; खालचा स्लॉट झाकला जातो किंवा नेटवर्क कार्ड तिच्या पंख्यांना इतकं चिकटतं की हवा अडते. बोर्डावरच १० गिगाबिट पोर्ट असलेलं मॉडेल घेतलंत तर प्रश्नच मिटतो.

बारा_व्होल्ट

८५० वॅट चालणार नाही. हिशोब करा: ५०९० चे ५७५ वॅट, ९९५०एक्सची टीडीपी (कंपनीने जाहीर केलेला वॅटचा आकडा) १७० असली तरी सॉकेटमधून ओढायची मर्यादा २०० ते २३० वॅट, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंप आणि पंखे मिळून ८० ते १००. म्हणजे ९०० च्या जवळ, आणि हे फक्त स्थिर लोडचे आकडे झाले. ग्राफिक्स कार्ड काही मायक्रोसेकंदांसाठी याहून बरीच जास्त वीज खेचतं, तेव्हा कमी क्षमतेचा एसएमपीएस संरक्षणासाठी बंद होतो. रेंडर सुरू केल्यावर मशीन क्षणात काळं पडून रीस्टार्ट होतं ते यामुळेच, आणि लोक मात्र विंडोज पुन्हा टाकत बसतात. एनव्हिडिया स्वतः या कार्डासाठी १००० वॅट सांगते. तुमच्या प्रोसेसरसोबत १२०० घ्या, एटीएक्स ३.१ प्रमाणित.

केबलबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथली हयगय सगळ्यात महागात पडते. ५०९० ला १२व्ही-२x६ कनेक्टर आहे. ५७५ वॅट म्हणजे १२ व्होल्टला सुमारे ४८ अँपिअर, सहा पिनांत वाटले तर प्रत्येकी ८. पिनेची मर्यादा नऊ-साडेनऊच्या आसपास, म्हणजे राखीव जागा फारच थोडी. एका पिनेचा संपर्क सैल राहिला की तिच्या वाट्याचा प्रवाह उरलेल्यांवर जातो, त्या तापतात आणि प्लास्टिक वितळतं. म्हणून:

एसएमपीएससोबत आलेली मूळ केबलच वापरा, दोन्ही टोकांना १२व्ही-२x६ असलेली मिळाली तर उत्तम. अडॅप्टर आणि शोभेच्या एक्स्टेन्शन नकोत. कनेक्टर पूर्ण आत जाईपर्यंत दाबा, कार्ड आणि प्लग यांच्यात फट दिसता कामा नये, मग हलकेच ओढून पाहा. कनेक्टरपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल सरळ राहू द्या, वळण त्यापुढे. म्हणून कॅबिनेट निवडताना कार्डाच्या लांबीबरोबरच काचेच्या दारापर्यंत किती जागा उरते ते मोजा. दार लावताना केबल दाबली जात असेल तर ते कॅबिनेट बाद.

आणखी एक: मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका, कंपनी एकच असली तरी. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रमाणित नाही. प्लग बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की एसएसडी आणि हार्ड डिस्क जागीच जातात.

यूपीएस घ्यायचा असेल तर व्हीए नव्हे, वॅट पाहा, आणि प्युअर साइन वेव्हचाच घ्या. लोडवर हे मशीन सॉकेटमधून हजार वॅटच्या आसपास ओढेल. मॉनिटर वेगळा.

चौकट_२४

दोघांचेही आभार. रॅम ६४ च्या दोन आणि एसएमपीएस १२०० करतो. दोन शंका: ९९५०एक्सऐवजी ९९५०एक्स३डी घ्यावा का? आणि कूलर ३६० मिमी घेतला तर रेडिएटर पुढे की वर?

गार_वारा

एक्स३डीची गरज नाही. त्याच्या दोन चिपलेटपैकी (आतल्या छोट्या चिपपैकी) एकीवरच जादा कॅशे आहे आणि तिचा फायदा मुख्यतः गेममध्ये, तोही कमी रिझोल्यूशनला. ४के ला मर्यादा ग्राफिक्स कार्डाची असते. सायकल्स तुम्ही ऑप्टिक्सवर म्हणजे कार्डावर चालवणार. प्रोसेसरला काम उरतं ते सिम्युलेशन, मॉडिफायर आणि सीन लोड करण्याचं. पैसे वाचवायचेच असतील तर प्रोसेसरमध्ये वाचवा, कार्डाच्या मेमरीत नाही. सीन ३२ जीबी व्हीरॅममध्ये मावला नाही की रेंडर सिस्टिम रॅमवर सांडतो आणि फार मंदावतो. ४:२:२ फुटेजसाठीही ५० मालिका बरोबर आहे. तिचा डीकोडर एच.२६४ आणि एच.२६५ मधलं ४:२:२ हार्डवेअरवर उलगडतो, ४० मालिकेला ते येत नाही.

रेडिएटर वर, पंखे हवा बाहेर फेकणारे. पुढून तीन १४० मिमी पंखे आत, मागून एक बाहेर. पुढे रेडिएटर लावला तर प्रोसेसर दोनचार अंशांनी थंड राहील, पण ५७५ वॅटच्या कार्डाला आधीच तापलेली हवा मिळेल. पुढेच लावणं भाग असेल तर रेडिएटरचं वरचं टोक पंपाच्या वर राहू द्या, म्हणजे आतली हवा पंपात अडकत नाही. वर लावण्याआधी बोर्डाच्या वरच्या कडेपासून छतापर्यंतची जागा मोजा: रेडिएटर २७ आणि पंखे २५, मिळून ५२ मिमी, आणि उंच रॅम हीटसिंक आडवं येतं.

रेंडरमध्ये ९९५०एक्स ९५ अंशांना टेकला तर घाबरू नका, ती त्याची ठरलेली कमाल मर्यादा आहे. आवाज नको असेल तर बायोसमध्ये १०५ वॅटचा इको मोड लावा. ओढ १४२ वॅटवर येते आणि वेगातली घट त्या मानाने बरीच कमी असते. कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली तरी असंच. रात्रभर रेंडर चालणाऱ्या मशीनला हे करावंच.

लेन_मोजणारा

जोडणीबद्दल थोडं. सगळं कॅबिनेटमध्ये भरण्याआधी बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, एक एसएसडी आणि रॅम एवढ्यावर चालू करून पाहा. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. या प्रोसेसरमध्ये छोटं ग्राफिक्स आहे, मॉनिटर तात्पुरता बोर्डाच्या एचडीएमआयला लावा. पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंग होतं, म्हणजे बोर्ड रॅमशी टायमिंग जुळवून घेतो. १२८ जीबीला पडदा काही मिनिटं काळाच राहतो. बंद पडलं समजून वीज काढू नका.

एएम५ च्या पिना सॉकेटमध्ये आहेत, त्यामुळे प्रोसेसर सरळ वरून ठेवायचा, सरकवायचा नाही. सॉकेटमागची बॅकप्लेट काढू नका, बहुतेक कूलर तिच्यावरच बसतात. कूलरच्या तळाची आणि एम.२ हीटसिंकच्या पॅडवरची पारदर्शक फिल्म काढलीय ना, पाहा. कॅबिनेटमध्ये बोर्डाला भोक नाही तिथला स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खांब) काढून टाका, नाहीतर मागून शॉर्ट होतो.

बायोस आधी अद्ययावत, एक्स्पो नंतर. एक्स्पोने एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) वाढतं आणि १.३ व्होल्टची मर्यादा २०२३ पासूनच्या बायोसमध्येच आहे. एक्स्पो लावल्यावर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चारही पास होऊ द्या. १२८ जीबीला रात्र जाईल. एकही एरर आली तर वेग ५६०० वर आणून पुन्हा चाचणी. मग ओसीसीटीची पॉवर चाचणी अर्धा तास, सोबत एचडब्ल्यूइन्फोवर तापमान आणि १२ व्होल्टचा आकडा बघत, ११.४ च्या खाली गेला तर केबल आणि एसएमपीएस तपासा. हे पार पडेपर्यंत खोकी आणि बिलं टाकू नका, आणि कामाच्या फाइल या मशीनवर आणू नका.

बारा_व्होल्ट

एक भर: कार्ड जड आहे, सोबत येणारा आधार लावाच. आणि महिनाभराने मशीन बंद करून, वीज काढून, १२व्ही-२x६ चा प्लग पूर्ण बसलेला आहे का ते टॉर्चने पाहा. नुसतं पाहा, सारखा काढून-घालू नका. या कनेक्टरची हमी साधारण ३० वेळा जोडण्यापुरतीच असते.