'कॉम्प्रेसर स्टॉल'ला मराठीत काय लिहावं?

शिरोलीकर: डिप्लोमाच्या पोरांसाठी गॅस टर्बाइनवर मराठीत टिपणं काढतोय. एका भाषांतरात 'संपीडक बंद पडणे' असं वाचलं; संपीडक म्हणजे टर्बाइनमधला हवा दाबणारा कॉम्प्रेसर. चालेल का? आमच्या एमआयडीसीत मोटर स्टॉल झाली म्हणजे ती अडकून थांबली, एवढाच अर्थ.

पंचगंगाकाठ: नको दादा, पोरं पहिल्याच पानावर चुकतील. या स्टॉलमध्ये रोटर, म्हणजे पात्यांचा फिरता भाग, थांबत नाही, फिरतच असतो. शब्द आलाय विमानाच्या पंखावरून. कॉम्प्रेसरचं प्रत्येक पातं म्हणजे छोटा पंखच. हवा त्यावर प्रमाणाबाहेर तिरकी आली की पात्याच्या पाठीला धरून न वाहता सुटते. तिथली वाट तुंबते आणि हवा आजूबाजूला वळते. त्यामुळं एका बाजूच्या पात्यावर ती आणखी तिरकी येते, दुसऱ्या बाजूचं मात्र सावरतं. असा तुंबलेला पट्टा साधारण रोटरच्या निम्म्या वेगानं गोल फिरत राहतो. हा 'रोटेटिंग स्टॉल'. 'सर्ज' त्याच्या पुढचा: मागं दाबलेली हवा थोपवणं अख्ख्या कॉम्प्रेसरला जमत नाही आणि ती उलटी पुढं येते. धडाम आवाज, कधी तोंडातून ज्वाळा. दाब उतरला की हवा परत सुलट वाहते, दाब चढतो, पुन्हा धडाम.

उद्यमनगरी: मग आमच्याकडं येणाऱ्या गाड्यांच्या टर्बोचं दुखणं दुसऱ्यातलं, सर्जचं. अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला की फडफड येते. गिऱ्हाईक म्हणतं, "टर्बोला उचकी लागलीया."

पंचगंगाकाठ: बरोबर, तो सर्जच. उजळाईवाडी विमानतळावर उतरणाऱ्या एटीआर विमानाच्या इंजिनातही टर्बोसारखेच सेंट्रिफ्युगल, म्हणजे हवा कडेला फेकून दाबणारे, कॉम्प्रेसर असतात. सर्जला 'उचकी' मला तरी एकदम पसंत.

शिरोलीकर: पण दोन शब्द कशाला? दोन्हीला स्टॉल म्हटलं तर काय बिघडलं?

पंचगंगाकाठ: दोन्ही ओळखायची रीत वेगळी आहे. सर्जला कॉम्प्रेसरमागचा दाब झटक्यात पडतो. कंट्रोल संगणक तेवढ्यावरून ओळखतो, क्षणभर इंधन कमी करतो, ब्लीड व्हॉल्व्ह (दाबलेली हवा बाहेर सोडणारी झडप) उघडतो. रोटेटिंग स्टॉल आवाज न करताही टिकतो: आरपीएम वर चढत नाही, एक्झॉस्टचं तापमान मात्र चढत जातं, कारण हवा कमी आणि इंधन तेवढंच. तो नेमका पकडायला केसिंगभोवती दाबाचे जलद सेन्सर लावतात. तोच चढउतार एकामागून एका सेन्सरवर दिसला की समजायचं.

सर्ज आला की थ्रॉटल मागं घ्यायचा असतो. 27 डिसेंबर 1991 ला स्टॉकहोमहून उडालेल्या एमडी-81 च्या पंखांवरचा बर्फ मागच्या इंजिनांत गेला आणि सर्ज सुरू झाला. वैमानिकानं थ्रॉटल मागं घेतला, पण त्याला माहीतच नसलेल्या एका स्वयंचलित यंत्रणेनं जोर परत वाढवला. दोन्ही इंजिनं गेली, विमान शेतात उतरवावं लागलं. 129 जण होते, सगळे वाचले.

उद्यमनगरी: बाप रे. आणि मुळात होऊच नये म्हणून?

पंचगंगाकाठ: कमी आरपीएमला स्टेटरची, म्हणजे रोटरसोबत न फिरणारी, पाती वळवून हवेचा कोन जुळवतात, मधल्या टप्प्यांतली जादा हवा ब्लीडमधून सोडतात, थ्रॉटल ढकलला तरी इंधन बेतानंच वाढू देतात. पाती धुणं आलंच. मळ साचला, टोकं झिजून केसिंगशी फट वाढली, की सर्जपासूनचं अंतर घटतं. आपल्या फाउंड्रीच्या धुळीत टर्बाइन ठेवलं तर फिल्टरवालाच श्रीमंत होईल!

शिरोलीकर: 'प्रवाहभंग' कसा वाटतो स्टॉलला?

उद्यमनगरी: पाइप फुटल्यासारखा वाटतोय.

पंचगंगाकाठ: 'स्टॉल'च ठेवा, आणि खाली लिहा: 'पात्यावरून हवेचा प्रवाह सुटणे'. सर्जपुढं उचकी. मोटरच्या स्टॉलची नोंद मात्र वेगळी करा.

शिरोलीकर: केली. उचकी छापताना आमचे सर नाक मुरडतील, पण पोरं विसरायची नाहीत.