होस्टेल, सबमिशन आणि धावपळ: पर्यावरणाला धरून असलेल्या, पण टिकतील अशा छोट्या सवयी सुचवा

लातूरकन्या

नमस्कार. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्याच होस्टेलवर राहते. सकाळी आठला लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी जर्नल नाहीतर क्लबचं काम. खोलीत आम्ही तिघी.

मूळची लातूरची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. तांदूळ धुतलेलं पाणी आमच्याकडे आजही झाडांना जातं, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. इथे दात घासून होईपर्यंत नळ सोडलेला असतो आणि मेसच्या मागे रोज बादल्या भरून उष्टं निघतं. मला हे बघवत नाही.

काहीतरी करायचंय, पण नेटवरच्या याद्या माझ्या खोलीत बसत नाहीत. बांबूचे ब्रश, बाल्कनीतलं कंपोस्ट (बाल्कनीच नाही), हजार रुपयांची बाटली. मला अशा दोन-तीन गोष्टी हव्यात ज्यांना वेगळा वेळ काढावा लागणार नाही, पैसे लागणार नाहीत, आणि सबमिशनच्या आठवड्यातही ज्या सुटणार नाहीत. कुणी स्वतः पाळलेलं असेल तर प्लीज सांगा.

शिवाजीनगर

चार वर्षं होस्टेलवर काढली, त्यातलं एक वर्ष मेस कमिटीत होतो, म्हणून मेसबद्दलच बोलतो. तुझ्यासाठी पहिली सवय तिथेच आहे. दिवसातून दोनदा ताट हातात येतंच, त्यामुळे वेगळा वेळ काढायचा प्रश्न येत नाही.

एक, खाडा वेळेवर सांगणं. शनिवारी मित्रमंडळी बाहेर जेवायला जातात आणि मेसवाल्या काकांना कळतं रात्री साडेनऊला, तेव्हा भात-आमटी शिजून तयार असते. पोळ्या माणसं बघून लाटतात, त्या फारशा उरत नाहीत. वाया जातो तो भात, आमटी आणि रस्साभाजी, कारण ते डोक्यांच्या हिशोबाने एकदम टाकलेलं असतं. आदल्या रात्री नाहीतर निदान सकाळी खाडा सांगितला तर तेवढं धान्य भिजतच नाही. खाड्याचे पैसे वळते होत असतील तर तुझाही फायदा. कुठल्याच यादीत ही गोष्ट दिसत नाही, पण माझ्या मते होस्टेलवरच्या मुलामुलींच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

दोन, पहिल्या वाढपात भात आणि भाजी अर्धीच घ्यायची. भूक राहिली तर परत घे, कुणी अडवत नाही. भुकेच्या भरात डाव मोठा पडतो आणि दहा मिनिटांनी जात नाही. फीस्टच्या दिवशी तर हे हमखास होतं.

याला एवढं महत्त्व का देतोय तेही सांगतो. ओलं अन्न कचऱ्याच्या ढिगात दाबलं गेलं की हवेशिवाय कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरून ठेवतो. आणि वायूचं सोड, पुण्याचा कचरा जिथे टाकला जायचा त्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी त्याचा वास आणि नासलेलं विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं सोसलंय. आपण ताटात टाकलेला भात कुणाच्या तरी दारात जातो.

कमिटीत ओळख असेल तर आणखी एक कर. रोजचं उष्टं वजन करून मेसच्या दारावरच्या फळ्यावर आकडा लिहायला सांग. कुणाला बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, फक्त आकडा लिहायचा. आमच्याकडे आकडा दिसायला लागल्यावर लोक आपणहून कमी वाढून घ्यायला लागले.

प्रयोगवही

मी मानसशास्त्र शिकवते. सवय कोणती हे तुम्ही ठरवालच, ती टिकते कशी एवढंच सांगते.

२१ दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे पाहिलं. प्रत्येकाने खाण्या-पिण्याची किंवा व्यायामाची एक कृती निवडायची आणि ती रोज त्याच प्रसंगाला जोडून करायची, म्हणजे न्याहारीनंतर, जेवणाआधी वगैरे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कृती आपोआप घडायला लागण्याचा काळ १८ ते २५४ दिवस इतका पसरलेला निघाला, मध्यक (मधला आकडा) ६६ दिवस. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर रुजल्या, व्यायामाला जास्त काळ लागला. तुमच्या कामाचा निष्कर्ष पुढचा आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यावर फारसा फरक पडला नाही. तेव्हा सबमिशनच्या आठवड्यात एक दिवस हुकला म्हणून सगळं सोडून देऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, बस.

दुसरं म्हणजे प्रसंग नेमका ठरवा. ‘पाणी वाचवीन’ हा संकल्प झाला. ‘ब्रशवर पेस्ट लावली की पाण्याचा मग भरून घेईन आणि नळ बंद करीन’ ही कृती झाली. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा ‘असं झालं की मी हे करीन’ पद्धतीच्या बेतांवर बरंच काम केलं आहे. प्रसंग आला की वेगळं आठवावं लागत नाही, आणि थकलेल्या माणसाला हाच आधार असतो.

आणि एका वेळी एकच. तीन एकदम धरू नका.

ठाकुर्लीकर

मुंबईत बीएस्सी करतोय, रोजचा लोकलचा प्रवास. माझ्याकडून दोनच.

पाठकोरे कागद फेकायचे नाहीत. चुकलेले प्रिंटआउट, जुन्या असाइनमेंट, लॅबमधले उरलेले कागद एका फाइलमध्ये साठवतो आणि सेमिस्टरच्या सुरुवातीला झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल मारून घेतो. कच्च्या कामाची वही विकत घ्यावीच लागत नाही. गणितं सोडवायला तर उत्तम. प्रिंट काढताना ‘पाठपोट’ असं आधी सांगायचं, नाहीतर ते सवयीने एकाच बाजूला काढतात. जर्नल एकाच बाजूला हवं असा काही सरांचा आग्रह असतो, तिथे इलाज नाही, पण एकदा विचारून बघायला हरकत नाही. आमच्या एका मॅडमनी लगेच हो म्हटलं.

पुस्तकं जुनी घ्यायची आणि वर्ष संपल्यावर ज्युनिअरना द्यायची. पुण्यात असशील तर अप्पा बळवंत चौक आहेच.

लातूरकन्या

@शिवाजीनगर दादा, खाड्याचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडे खाडा आदल्या दिवशी वहीत लिहायचा असतो, पण बहुतेक जण लिहीतच नाहीत.

@प्रयोगवही मॅडम, एकच धरायची हे पटलं. पण विजेचं काय? आम्ही तिघी निघताना पंखा कुणी बंद करायचा यावरून रोज गोंधळ होतो. आणि चार्जर प्लगमध्ये राहिला तर किती वीज जाते? रूममेट त्यावरून फार चिडते.

किलोवॅट

चार्जरवरून भांडू नका. फोन लावलेला नसताना आजकालचा चार्जर जेमतेम वीज ओढतो, महिन्याभराची मिळूनसुद्धा नगण्य.

पंख्याचा हिशोब मात्र कर. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास असतो. तुम्ही आठ तास कॉलेजात आणि पंखा रिकाम्या खोलीत फिरतोय म्हणजे ०.६ युनिट रोज, एका खोलीचं. (नवे, कमी वीज खाणाऱ्या मोटरचे बीएलडीसी पंखे तीसेक वॅटमध्ये भागवतात, पण ते बसवणं कॉलेजच्या हातात.) गीझर २००० वॅटचा धरला तर अर्ध्या तासात एक युनिट. एका पाठोपाठ एक अंघोळ केली तर एकदा तापलेलं पाणी कामी येतं, पुन्हा पुन्हा तापवावं लागत नाही.

गोंधळावर सोपा तोडगा: पंखा बंद करणं कुलूप लावणाऱ्या माणसाचं काम. जिच्या हातात किल्ली, तिची जबाबदारी. तिघींची सामायिक जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही.

पाण्याबद्दल कुठलाही छापील आकडा मानू नकोस, स्वतः मोज. बादली ठेव, शॉवर नेहमीसारखा सोड, मोबाइलवर एक मिनिट लाव. मिनिटाला किती लिटर ते कळेल, त्याला तुझ्या अंघोळीच्या मिनिटांनी गुण आणि मग बादलीतल्या अंघोळीशी ताडून बघ. इंजिनिअरिंगची मुलगी आहेस, आकडा हातात आला की पुढचं तुझं तू ठरवशील.

रोखठोक

मनापासून विचारतो. एक मुलगी नळ बंद करते आणि मजल्यावरची टाकी रात्रभर ओसंडून वाहते. कंपन्या करोडोंनी प्लास्टिकची पाकिटं काढतात. ही ऊर्जा व्यवस्था बदलण्यात का घालवू नये? पोरांच्या डोक्यावर सगळा भार टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

शिवाजीनगर

@रोखठोक, भार टाकू नये हे मान्य. पण होस्टेलची व्यवस्था म्हणजे रेक्टर, प्लंबर आणि तक्रारवही, आणि तिथवर विद्यार्थ्याचा हात पोचतो. गळक्या नळाचा थेंब पाव मिलिलिटरचा आणि सेकंदाला एक पडतो असं धरलं तर दिवसाला एकवीस लिटरहून जास्त पाणी जातं. एका मजल्यावर असे चार-पाच नळ सहज असतात. तक्रार लिहायला दोन मिनिटं लागतात. फक्त ‘बाथरूममध्ये गळती’ असं मोघम लिहायचं नाही. मजला, बाथरूम, डावीकडून कितवा नळ, असं लिहायचं, नाहीतर प्लंबर येतो, बघतो आणि जातो. ओसंडणाऱ्या टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह किंवा सेन्सर लागतो, त्यासाठी मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या. स्वतः नळ बंद करणारी मुलगीच हा अर्ज लिहायला बसते, असं मी तरी पाहिलंय.

रोखठोक

सह्यांच्या अर्जाला माझा पूर्ण पाठिंबा. डावीकडून कितवा नळ, हे भारी आहे.

सुईदोरा

मुलींच्या होस्टेलबद्दल एक गोष्ट राहिली, ती मोकळेपणाने लिहिते. पॅड कमोडमध्ये किंवा इतर कचऱ्यात तसंच टाकायचं नाही. पुण्यात कचरा वेचणाऱ्या ताई तो हाताने वेगळा करतात. ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था आहे आणि तिने यासाठीच लाल ठिपक्याची मोहीम काढली: पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचं, वर लाल पेनाने ठळक ठिपका काढायचा, म्हणजे न उघडता कळतं. बाथरूमच्या दाराला जुन्या पेपरचे तुकडे अडकवून ठेव आणि शेजारी दोरीने एक स्केचपेन बांध. समोर दिसलं की सगळ्या वापरतात.

मेन्स्ट्रुअल कपबद्दल लोक सांगतील. चांगलाच आहे, एक कप काही वर्षं चालतो. पण दर पाळीला तो उकळून घ्यावा लागतो आणि बऱ्याच होस्टेलांवर केटल चालत नाही. उकळण्याची सोय असेल तरच होस्टेलवर वापर, आणि तोही नीट जमतोय हे घरी सुट्टीत वापरून बघितल्यावर. ओढूनताणून करायची गोष्ट नाही ही.

टपरीवर जात असाल तर चहा काचेच्या ग्लासात मागा. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की पंधरा मिनिटं गरम पेय त्यात ठेवलं तर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात. अमृततुल्यवाले मागितला तर ग्लास देतात.

ठाकुर्लीकर

आणि ‘पर्यावरणपूरक’ म्हणून नवीन काही विकत घेऊ नकोस. घरातली स्टीलची बाटली, आईच्या जुन्या साडीची पिशवी, झालं.

लातूरकन्या

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय असं: सुरुवात फक्त मेसपासून. ताट उचललं की भात अर्धा डाव. आणि शुक्रवारी रात्री जेवून हात धुतले की खाड्याच्या वहीत शनिवार-रविवारचं लिहायचं. पंख्याचा किल्लीवाला नियम रूममेटना वाचून दाखवला, दोघींना पटला. लाल ठिपक्याचं स्केचपेन आजच बांधते, ते एकदाच करायचं काम आहे. नळांचा अर्ज लिहायला शेजारच्या खोलीतली एक जण तयार आहे.

एकच शंका. दिवाळीत तीन आठवडे घरी जाईन. तिथे मेस नाही, आई ताट वाढते. तेवढ्यात सवय मोडेल का?

प्रयोगवही

प्रसंगच नसेल तर मोडायचा प्रश्न येत नाही, थोडी विसरेल इतकंच. दोन गोष्टी करा. घरी स्वतःच्या हाताने वाढून घ्या आणि तिथेही अर्धा डावच घ्या, म्हणजे कृती चालू राहील. आणि परत आल्याच्या दिवसाचं पहिलं जेवण महत्त्वाचं धरा. बॅग ठेवून मेसमध्ये गेलात की त्याच ताटापासून पुन्हा सुरू करा, सोमवारची वाट पाहू नका. निघण्याआधी वहीत तीन आठवड्यांचा खाडा मात्र तारखांसकट लिहून जा.

शिवाजीनगर

आणि परतण्याची तारीखही लिही. नाहीतर आल्या दिवशी काकांनी तुझं धरलेलंच नसेल आणि तुला बाहेरून पार्सल मागवावं लागेल, प्लास्टिकच्या डब्यांसकट.