लिसन रेंजला एकच पासवर्ड: द्यावा की नाही?

वारजेकर
हिंजवडीतल्या आमच्या लॅबमध्ये एफआरआर या राउटिंग सॉफ्टवेअरवर बीजीपी (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवायचा प्रोटोकॉल) चालतं. सर्व्हर सारखे वाढतात, म्हणून एकेक नेबर (बीजीपीने जोडलेलं समोरचं मशीन) लिहायचं सोडून १०.१०.४.०/२४ ही लिसन रेंज (जिच्यातल्या कुठल्याही पत्त्यावरून आलेलं कनेक्शन राउटर घेतो) पिअर-ग्रुपला, म्हणजे एकच सेटिंग असलेल्या नेबरांच्या गटाला, जोडली. रेंज उघडली की ग्रुपवर पासवर्ड हवाच, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर त्यातला कुठलाही पत्ता घेऊन कुणीही बीजीपीच्या १७९ पोर्टवर दार ठोठावेल. रिमोट-एएस (समोरच्याच्या एएसचा, म्हणजे स्वतंत्र नेटवर्कचा, क्रमांक) एक्स्टर्नल, म्हणजे आपल्याहून वेगळा कुठलाही, ठेवलं असेल तर परका एएससुद्धा आत येतो.

रात्रपाळी
मला हे पटत नाही. चाळीस मशीनवर एकच पासवर्ड म्हणजे एका मशीनवरून फुटला की सगळीकडचा गेला. बदलायचा म्हटलं तर अख्ख्या ग्रुपची सेशन्स एकदम पडतात. त्यात या पासवर्डने पॅकेटवर सही करणारं हे एमडी५ १९९८ चं, २०१० मध्येच टीसीपी-एओ ही नवी पद्धत त्याच्या जागी आली. मी नेबर स्क्रिप्टने लिहितो, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड.

वारजेकर
लिनक्समध्ये एओ ६.७ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) आहे. आमच्याकडे तेवढे नवे कर्नल कुठे आहेत? तोवर दार उघडं ठेवायचं का?

मगरपट्टा_नेटवर्क
कर्नलवरून आठवलं, रेंजला पासवर्ड देण्याआधी राउटरचा कर्नल बघा. रेंजसाठी एमडी५ की (म्हणजे हाच पासवर्ड) ४.१३ पासून चालते, त्याआधी की एकेका पत्त्यालाच देता यायची. आमचा एक राउटर डेबियन ९ वर होता, कर्नल ४.९. पासवर्ड दोन्हीकडे तोच, तरी सेशन उठेना. रात्री दीडला एनस्टॅट (कर्नलचे नेटवर्क काउंटर दाखवणारी कमांड) लावलं तर टीसीपीएमडी५अनएक्स्पेक्टेड हा अनपेक्षित सह्यांचा काउंटर सेकंदासेकंदाला वाढतोय! सह्या येत होत्या, पण राउटरकडे की बसलीच नव्हती, म्हणून कर्नल पॅकेट गुपचूप टाकून देत होता. त्या रात्री मी फार चिडलो होतो, खरं सांगतो.

वादाबद्दल म्हणाल तर मी वारजेकरांच्या बाजूने, पण अख्खं /२४ एका ग्रुपला नको. रॅकप्रमाणे /२८ (वापरता येणाऱ्या चौदा पत्त्यांचे तुकडे) पाडा, प्रत्येकाला वेगळा पिअर-ग्रुप, वेगळा पासवर्ड. टीटीएल सिक्युरिटीही (पॅकेट किती राउटर ओलांडून आलं ते तपासणं) लावा, म्हणजे लांबून आलेलं पॅकेट पोचणारच नाही.

रात्रपाळी
रॅकवार मान्य, फुटला तरी चौदाच मशीन. पण टीटीएलचा उपयोग बाहेरच्यांपुरताच. त्याच रॅकमधल्या घुसलेल्या मशीनला ते अडवत नाही, आणि मला भीती त्याचीच आहे. स्पाइन राउटरचे (रॅकना एकमेकांशी जोडणाऱ्या मधल्या राउटरचे) नेबर मी हातानेच लिहिणार.

वारजेकर
स्पाइन आम्हीही हातानेच लिहितो. बाकीच्यांचे /२८ उद्या पाडायला घेतो.